७३९८७ : फुटलेल्या मेंडोलिनचा भाव

नोव्हेंबर १९८५. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात, नॅशव्हिल शहराबाहेरच्या आपल्या घरी प्रसिद्ध मेंडोलिनवादक बिल मन्रो परतले तेव्हा त्यांची दोन मेंडोलिनं चिरफळ्या होऊन पडली होती. कुणीतरी आत शिरून शेकोटीतली लाकडं हलवायच्या लोखंडी गजाने दोन्ही फोडली होती. त्यांतलं एक, अनुक्रमांक ७३९८७, मन्रो तोवर चाळीस वर्षं वाजवत होते.

जुन्या वाद्यांच्या धंद्यातल्या नियमाने ही गोष्ट इथेच संपायला हवी होती. तबली, म्हणजे तारांखालची आवाज घुमवणारी लाकडी फळी, फुटलेल्या वाद्याला व्यापारी हात लावत नाहीत, आणि लावला तर खुंट्या आणि घोडी काढून घेण्यापुरता. पण २००१ मध्ये याच वाद्याचा सौदा ठरला तो ११ लाख २५ हजार डॉलरना, म्हणजे तेव्हाच्या दराने पाच कोटी रुपयांवर. त्या सुमाराला त्याच गिब्सन कारखान्यातलं, आत त्याच माणसाची सही असलेलं, नीट जपलेलं मेंडोलिन साधारण दहाव्या हिश्श्यात मिळत होतं. फुटलेलं महाग आणि धडधाकट स्वस्त, असं हे उलटं गणित. ते कसं बसलं आणि खरंच बसलं का, हे इथे पाहायचं आहे. प्रश्नाचा दुसरा भाग मुद्दाम ठेवलाय, कारण तो सौदा पुढे फिसकटला.

न खपलेला माल

आधी एक गैरसमज बाजूला करू. जुनं मेंडोलिन म्हणजे दुर्मीळ मेंडोलिन नव्हे. १८९० ते १९१० या काळात अमेरिकेत मेंडोलिनची लाट आली होती. गावोगावी मेंडोलिनचे वाद्यवृंद, कॉलेजांत मेंडोलिन क्लब, घरोघरी शिकवण्या. शिकागोच्या लायन अँड हीली कंपनीसारख्या कारखान्यांनी ढिगांनी वाद्यं बनवली. त्यांतली बरीचशी नेपल्सच्या पद्धतीची, लाकडाच्या पट्ट्या जोडून केलेल्या गोल पोटाची. अमेरिकेच्या खेड्यांत त्यांना बटाट्याच्या पिकावर पडणाऱ्या पट्टेरी किड्याचं नाव पडलं, यावरून रूप लक्षात यावं. आज ही मेंडोलिनं शंभर-सव्वाशे वर्षांची झाली आहेत. शिंपल्याची नक्षी, काळवंडलेलं पॉलिश, आत छापील कागद, सगळं आहे. तरी बहुतेकांना शे-दोनशे डॉलरही मुश्किलीने मिळतात. तारांच्या ताणाने दांडी वाकलेली असते आणि ती सरळ करायचा खर्च वाद्याच्या किमतीपेक्षा जास्त येतो. न्यू जर्सीतला एखादा भाचा गॅरेज सेलमध्ये मिळालेल्या मेंडोलिनचा फोटो पाठवून ‘मामा, हे लाखाचं आहे का?’ असं विचारतो, तेव्हा शंभरात नव्याण्णव वेळा उत्तर ‘नाही’ असतं.

गिब्सनचं मेंडोलिन वेगळ्या जातीचं. ऑरव्हिल गिब्सन यांनी मिशिगन राज्यातल्या कॅलामझू गावी व्हायोलिनसारखी कोरलेली, कमानदार तबली मेंडोलिनला लावली आणि १८९८ मध्ये तिचं पेटंट मिळवलं. १९०२ मध्ये त्यांच्या नावाने कंपनी उभी राहिली. १९१९ मध्ये त्या कंपनीत लॉइड लोअर नावाचे गृहस्थ आले. ते स्वतः मैफलीत वाजवणारे मेंडोलिनवादक होते आणि ध्वनिशास्त्राचा नाद त्यांना पहिल्यापासून. १९२२ मध्ये त्यांच्या देखरेखीखाली जे मेंडोलिन तयार झालं ते एफ-५. गोल भोकाऐवजी व्हायोलिनसारखी इंग्रजी f च्या आकाराची दोन छिद्रं. दांडी लांबवलेली, त्यामुळे धडाच्या बाहेर बारा नव्हे तर पंधरा पडदे मोकळे. तबली स्प्रूसची, पाठ मेपलची, आत तबलीखाली दोन पट्ट्या, त्याही ठरावीक सुराला येईपर्यंत तासलेल्या. आत चिकटवलेल्या कागदावर लिहिलेलं असे की तबली, पाठ, आतल्या पट्ट्या आणि हवेची पोकळी तपासून सुरात आणली आहे. खाली तारीख आणि लोअर यांची सही.

किंमत २५० डॉलर. आजच्या पैशात साडेचार हजार डॉलरच्या आसपास, म्हणजे त्या काळी चैनच. आणि नेमकी त्याच वेळी मेंडोलिनची लाट ओसरली होती. नाचगाण्याच्या नव्या हवेत चार तारांचा टेनर बँजो सगळ्यांना हवा होता. लोअर यांनी जगातलं उत्तम मेंडोलिन बनवलं ते शास्त्रीय वाद्यवृंदांसाठी, पण तोवर ते वाद्यवृंदच पांगायला लागले होते. १९२४ संपता संपता लोअर यांनी कंपनी सोडली. जून १९२२ ते डिसेंबर १९२४ या अडीच वर्षांत त्यांच्या सहीची एफ-५ जी झाली ती अडीचशेच्या आसपास. त्यांतली दोनशेहून अधिक आज अनुक्रमांकानिशी नोंदीत आहेत.

या प्रकरणाची पहिली गाठ इथे आहे. ही वाद्यं दुर्मीळ झाली ती कारागिरी अवघड होती म्हणून नव्हे, तर माल खपला नाही म्हणून. नुसत्या दुर्मीळतेने भाव येतो का, हेही याच कारखान्याच्या मालावरून तपासता येतं. लोअर यांच्याच सहीचा मँडोला, म्हणजे मेंडोलिनचा थोरला भाऊ, एफ-५ पेक्षा कितीतरी कमी संख्येने बनला. संख्येवर किंमत ठरत असती तर तो कितीतरी पट महाग असायला हवा होता. प्रत्यक्षात तो एफ-५ ला मागे टाकत नाही. कारण मँडोला वाजवणारे मोजकेच, त्यामुळे तो घेणारेही मोजकेच.

न्हाव्याच्या दुकानात

७३९८७ वर लोअर यांची सही ९ जुलै १९२३ ची आहे. ते एकटं नव्हतं. लोअर गठ्ठ्याने सह्या करत, त्यामुळे त्या तारखेची सख्खी भावंडं बरीच आहेत. पुढची वीस वर्षं हे वाद्य कुणाच्या घरी होतं, कोण वाजवत होतं, याची गोष्ट कुणी सांगत नाही. १९४० च्या दशकात ते फ्लोरिडात, मायामीच्या एका न्हाव्याच्या दुकानात विकायला ठेवलेलं बिल मन्रो यांना दिसलं. त्यांनी ते १५० डॉलरना घेतलं. नवं असताना २५०, वीसेक वर्षांनी १५०. जुन्या सायकलीसारखा घसारा झाला होता. १९४३ मध्ये लोअर वारले, तेव्हा त्यांच्या सहीची किंमत ही एवढी होती.

मन्रो केंटकी राज्यातल्या रोझीन या खेड्यातले, जन्म १९११ चा. घरातलं शेंडेफळ. थोरल्या भावांनी फिडल आणि गिटार आधीच पटकावल्यामुळे धाकट्याच्या वाट्याला मेंडोलिन आलं. १९३९ मध्ये ते नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या रेडिओ कार्यक्रमात दाखल झाले. त्यांच्या जथ्याचं नाव ‘ब्लू ग्रास बॉइज’. १९४५ ते १९४८ मध्ये गायक-गिटारवादक लेस्टर फ्लॅट आणि बँजोवादक अर्ल स्क्रग्ज त्यांच्याबरोबर होते, तेव्हा जे संगीत घडलं त्याला पुढे या जथ्यावरूनच ब्लूग्रास म्हणायला लागले.

त्या संगीतात मेंडोलिनचं काम दुहेरी. गत वाजवायची ती वाजवायचीच, पण बाकीच्या वेळी दुसऱ्याच्या गाण्यामागे अर्ध्या मात्रेवर खटका मारायचा. नखीने तारा जोरात छेडायच्या आणि डाव्या हाताची बोटं लगेच सैल करून सूर तोडायचा. ‘चक्’ असा कोरडा आवाज आला पाहिजे, तालवाद्याचं काम मेंडोलिनवर काढल्यासारखा. गोल भोकाच्या मेंडोलिनवर हा आवाज गुंजत राहतो. लोअरच्या एफ-५ मधून तो तुटक आणि धारदार निघतो. व्हायोलिनवाल्यांच्या शेजारी बसून बाख वाजवता यावा म्हणून केलेलं वाद्य अशा कामाला आलं ज्याचा लोअर यांनी विचारही केला नसेल. मन्रोंचं ऐकून पुढच्या पिढीच्या प्रत्येक वादकाला तसलंच मेंडोलिन हवं झालं, आणि तसली होती जेमतेम अडीचशे. १९७० च्या दशकात लोअरच्या एफ-५ ला काही हजार डॉलर पडायला लागले. २००८ च्या सुमाराला चांगला नमुना दोन लाखांच्या घरात पोचला. मग मंदीत भाव उतरला, तरी लाखाच्या वरच राहिला.

म्हणजे मन्रोंनी ७३९८७ ची किंमत वाढवली, हे म्हणणं अपुरं आहे. त्यांनी उरलेल्या सगळ्या भावंडांची किंमत वाढवली.

सगळे नियम मोडलेलं वाद्य

जुन्या वाद्याचा व्यापारी पहिल्यांदा काय पाहतो? कारखान्यातून जसं निघालं तसं आहे का. पॉलिश मूळचं का. कुणी हौसेने दुसऱ्यांदा रंगवलं असेल तर किंमत साधारण निम्म्यावर येते, हा धंद्यातला ढोबळ हिशोब. खुंट्या, घोडी, तारा अडकवायची पट्टी बदललेली असेल तर आणखी कापाकापी. काही लोअर मेंडोलिनांत तबलीखाली व्हर्झी नावाची लाकडी चकती बसवलेली असे. आवाज मोकळा व्हावा म्हणून अनेकांनी ती उपटून टाकली, आणि आता त्यांचे वारस ‘चकती होती का?’ या प्रश्नाने हैराण आहेत. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत जुना तंबोरा नेला तर आधी भोपळा वाजवून पाहतात, तसंच हे. तडा कुठे आहे हे कळल्याशिवाय आकडा तोंडातून निघत नाही.

या कसोट्यांवर ७३९८७ नापास, आणि तेही १९८५ च्या आधीच. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला मन्रोंनी ते दुरुस्तीला गिब्सनकडे पाठवलं होतं. कित्येक महिन्यांनी परत आलं तेव्हा सांगितलेली सगळी कामं झालेली नाहीत, अशी त्यांची तक्रार होती. ते भडकले. त्यांनी चाकू घेतला आणि मेंडोलिनच्या माथ्यावर शिंपल्याच्या अक्षरांत ‘द गिब्सन’ असं होतं, त्यातलं ‘गिब्सन’ कोरून काढलं. ‘द’ तेवढा राहिला. पुढची जवळजवळ तीस वर्षं ते हेच अर्धवट नावाचं वाद्य घेऊन मंचावर उभे राहिले. कंपनीची याहून मोठी बदनामी पैसे देऊनही करता आली नसती. १९८० मध्ये समेट झाला आणि गिब्सनने नाव पुन्हा बसवून दिलं.

व्यापाऱ्याच्या भाषेत याचा अर्थ असा: माथा मूळचा नाही, पॉलिश घासलेलं, दांडीवर काम झालेलं. दुसऱ्या कुणाचं मेंडोलिन असतं तर इथेच अर्धी किंमत गेली होती. पण तो ओरबाडलेला माथा कंट्री संगीताच्या प्रत्येक रसिकाने फोटोत पाहिला होता, तोच या वाद्याची ओळख झाला होता. मला तर वाटतं, गिब्सनने १९८० मध्ये नाव परत बसवलं नसतं तर संग्राहक आणखी खूश झाले असते.

मग १९८५. चिरफळ्या गोळा करून गिब्सनकडे आणल्या. चार्ली डेरिंग्टन नावाच्या कारागिराने त्या जुळवायला घेतल्या. त्यांतल्या कित्येक काडीएवढ्या होत्या. लाकडाचे उभे रेषे जुळवत एकेक तुकडा आपल्या जागी बसवायचा, नवं लाकूड शक्य तेवढं टाळायचं, असं हे काम. नवी तबली कोरून बसवणं कितीतरी सोपं गेलं असतं, आणि वाद्य कदाचित जास्त टिकाऊही झालं असतं. पण मग ते ७३९८७ राहिलं नसतं. १९८६ च्या सुरुवातीला दुरुस्त झालेलं मेंडोलिन मन्रोंच्या हाती परत आलं, आणि ते पुढची दहा वर्षं, १९९६ मध्ये आजारी पडेपर्यंत, तेच वाजवत राहिले.

ही दुरुस्ती किमतीच्या दृष्टीने निर्णायक ठरली. काचेच्या पेटीत ठेवलेल्या चिरफळ्यांना भावनिक मोल असतं, पण दुरुस्त होऊन पुन्हा दहा वर्षं मंचावर वाजलेल्या वाद्यामागे इतिहासाची सलग साखळी असते. वाद्याच्या मालकीची ही साखळी जितकी पक्की तितका भाव चढतो. इथे १९४० च्या दशकापासून १९९६ पर्यंत एकच मालक, हजारो फोटो, ध्वनिमुद्रणं, आणि प्रत्येक जखमेची तारीख. खोट्याला वावच नाही. एफ-५ च्या नकला आजही बनतात. काही कारागीर इतक्या हुबेहूब बनवतात की जुन्या कागदासकट फसवणूक करता येईल. ७३९८७ ची नक्कल मात्र करून दाखवा. त्या फाटाफुटीचं जाळं पुन्हा जसंच्या तसं पाडणं कुणाच्याही बसची बात नाही.

अकरा लाख पंचवीस हजार

९ सप्टेंबर १९९६ रोजी मन्रो वारले. वाद्य त्यांचे चिरंजीव जेम्स यांच्याकडे आलं. २००१ मध्ये केंटकीत, मन्रोंच्या गावाकडे त्यांच्या नावाने काम करणाऱ्या एका प्रतिष्ठानाशी ११ लाख २५ हजार डॉलरचा करार झाला. कल्पना सुंदर होती. रोझीनचं मेंडोलिन रोझीनला परत न्यायचं, तिथे संग्रहालय करायचं. वर्तमानपत्रांतून आकडा जगभर गेला, आणि लोअरच्या मेंडोलिनला दशलक्षाच्या वर भाव आला अशी समजूत रूढ झाली.

पैसे उभे राहिले नाहीत. करार मोडला, वाद वकिलांपर्यंत गेला, मेंडोलिन जेम्स यांच्याकडेच राहिलं.

इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी, कारण किमतींच्या याद्या करणारे ती विसरतात. करारातला आकडा आणि हाती पडलेला आकडा या दोन गोष्टी आहेत. जमिनीच्या व्यवहारात आपल्याकडे इसार देऊन पळालेल्या माणसाचा भाव कुणी गावचा भाव धरत नाही. पण वाद्यांच्या बाजारात हा आकडा वर्षानुवर्षं तोंडी फिरत राहिला, आणि साध्या लोअरच्या मालकांनीही आपले भाव त्याकडे बघून चढवले.

असल्या वाद्याला गिऱ्हाईक तरी कोण? वादकाला ते परवडत नाही, परवडलं तरी घेऊन फिरायची भीती. गुंतवणूक म्हणून घेणाऱ्याला पुढचा गिऱ्हाईक शोधावा लागणार, आणि असे गिऱ्हाईक जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. उरतात संस्था, आणि संस्थांकडे पैसा देणगीदाराचा असतो. तेच झालं. २००५ मध्ये टेनेसीतल्याच एका देणगीदाराच्या पैशातून हे मेंडोलिन नॅशव्हिलच्या ‘कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेम’ या संग्रहालयात आलं. त्याच देणगीतून कंट्री संगीतातल्या गिटारवादक मेबेल कार्टर यांची १९२८ ची गिब्सन एल-५ गिटारही आली. पण दोनच वर्षांत तो देणगीदार दिवाळखोरीत निघाला आणि त्याचे व्यवहार फसवणुकीचे ठरले. बुडीत धनकोंच्या वतीने नेमलेल्या विश्वस्ताने, दान दिलेला पैसा मुळात त्याचा नव्हताच, असं म्हणत देणग्या परत मागायला सुरुवात केली. संग्रहालयाला तडजोड करून ती वाद्यं राखावी लागली.

वाद्याचा इतिहास नितळ, प्रत्येक ओरखड्याची नोंद, आणि गोत्यात आला तो पैशाचा इतिहास. जुनी महाग वस्तू घेताना आपण लाकूड, सही, पॉलिश पाहतो. ज्या पैशाने ती घेतली गेली तो कुठून आला, हे फारसं कुणी पाहत नाही.

बाकीची भावंडं

या प्रकरणावरून बाजाराचा नियम काढायला गेलो तर फसगत होईल, कारण ७३९८७ हा बाजाराचा भाग उरलेलाच नाही. लोअरचा खरा भाव पाहायचा तर वाजत असलेल्या वाद्यांकडे पाहावं. ख्रिस थीली या आजच्या अव्वल वादकाकडे १८ फेब्रुवारी १९२४ च्या सहीचं मेंडोलिन आहे. ते घेतलं गेलं ते रोज मंचावर वाजवायला. आणि सॅम बुश यांचं ‘हॉस’ या टोपणनावाचं मेंडोलिन १९३७ चं, लोअर यांनी कंपनी सोडल्यानंतर बारा वर्षांनी बनलेलं. आत सही नाही. बाजारभावाच्या हिशोबात ते लोअरच्या खूप खाली बसायला हवं, पण बुश यांच्या हातात ऐकल्यावर ते खालचं आहे असं म्हणायची कुणाची हिंमत होणार नाही. सहीची किंमत आणि आवाजाची किंमत यांतलं अंतर मोजायला हे एक वाद्य पुरे आहे.

आपल्याकडे मेंडोलिन आलं ते सिनेमाच्या वाद्यवृंदातून. लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्यातले लक्ष्मीकांत कुडाळकर मुळात मेंडोलिनवादक. दक्षिणेत यू. श्रीनिवास यांनी वाद्याच्या जोडतारा काढून एकेरी पाच तारांचं विजेवरचं मेंडोलिन कर्नाटक संगीतात रुजवलं. त्या वाटेवर लोअरच्या सहीला अर्थच नव्हता. गमकासाठी तार ओढायची तर कोरीव तबलीपेक्षा तारेचा ताण आणि पिकअप, म्हणजे तारेचा कंप विजेत पकडणारा भाग, महत्त्वाचा. वाद्य तेच, पण भारतात ‘कुठल्या सालचं?’ हा प्रश्न विचारण्याऐवजी ‘कुणाचं?’ असं विचारतात. अमेरिकेत ७३९८७ च्या बाबतीत शेवटी हेच झालं.

९ जुलै १९२३ च्या सहीचं एखादं मेंडोलिन अजूनही अधूनमधून व्यापाऱ्यांच्या यादीत येतं. मूळ पॉलिश, मूळ खुंट्या, मूळ पेटी. वर्णनात तारखेपुढे हमखास लिहिलेलं असतं: मन्रोंच्या मेंडोलिनच्या दिवशीचं.